भिंतीतली गळती आणि बुरशी: आधी पाणी, मग भिंत, रंग सगळ्यात शेवटी

भिंतीवर काळे ठिपके दिसले की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वरून ‘वॉटरप्रूफ’ म्हणून महागडा रंग मारतो आणि पुढच्या आषाढात तोच डाग त्याच जागी, जरा मोठा होऊन उमटतो. यात रंगाऱ्याचा दोष थोडाच. त्याला चार-पाच महिने आधी बोलावलेलं असतं, एवढंच.

बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतात. ते बाहेरून घरात येतात, त्यांना अडवता येत नाही. पुट्टी, कागद, प्लायवूड, वॉलपेपरचा गोंद, भिंतीवरची धूळ, काहीही त्यांना खायला चालतं. कमी असते ती फक्त ओल. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली तर सहसा बुरशी धरत नाही. त्यापुढे ती धरणार असंच समजून चालावं. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते, म्हणजे भिंत आपणहून वाळण्याची आशा जवळजवळ नाही. त्यामुळे पावसाळ्यात सापडलेल्या गळतीची कामं दोन टप्प्यांत होतात. पाणी तोडणं आणि बुरशी पुसणं लगेच, गिलावा आणि रंग हिवाळ्यात किंवा त्यानंतर.

ती बुरशी आहे की लोणा?

भिंतीवर पांढरं, मिठासारखं फुललेलं दिसतं तो लोणा, म्हणजे विटा-वाळूतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर आलेले. त्यावर पाण्याचा थेंब टाका: क्षार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. काळा डाग बुरशीचा की नुसत्या मळाचा हे ओळखायला कापसाच्या बोळ्याने द्रव ब्लीचचा एक थेंब लावा. दोन-चार मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा काजळी. कुबट वास येतोय पण डाग कुठेच दिसत नाही, असं असेल तर कपाटाची पाठ, सिंकखालचं लाकूड, देवघरामागची भिंत आणि दिवाणाच्या खणाचा तळ बघा.

लोणा दिसला तरी हलक्यात घेऊ नका. त्या जागी पाणी येऊन वाळतंय याचाच तो पुरावा आहे, आणि तिथे आज ना उद्या बुरशीही येते.

पाणी येतंय कुठून

खरा वेळ इथे घालवायचा. ओल केव्हा वाढते आणि केव्हा घटते हे आठवडाभर टिपून ठेवलं तर अर्धं निदान भिंत न फोडता होतं. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, बाजूला तारीख-वेळ लिहा.

महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येत असेल तर त्याचा फायदा घ्या. नळाला पाणी आल्यावर तासा-दोन तासांत डाग गडद होत असेल तर संशय वरच्या टाकीकडे जाणाऱ्या चढत्या लाइनवर. डाग दिवसरात्र सारखाच ओला राहत असेल तर टाकीतून खाली उतरणाऱ्या लाइनवर, कारण तिच्यात पाणी कायम भरलेलं असतं. सकाळच्या आंघोळी आटोपल्यावर वाढतो आणि घर चार दिवस बंद ठेवलं की सुकतो, तर सांडपाण्याचा पाइप किंवा न्हाणीघराची फरशी. पावसानंतर वाढतो तर गच्ची, कठडा किंवा बाहेरची भिंत. गच्चीच्या बाबतीत एक फसवणूक होते. वीटतुकड्यांचा कोबा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाऊस थांबून चार दिवस झाले तरी छत टपकत राहतं आणि घरमालक ‘पाऊस तर नाही, म्हणजे पाइपच असणार’ असं ठरवून चांगली भिंत फोडतो.

टाकीच्या लाइनची चाचणी अशी करा. रात्री टाकीत पाणी येणारी चावी बंद, घरातले सगळे नळ आणि फ्लशचे कॉक बंद. टाकीत पाण्याच्या पातळीपाशी खूण करा आणि सकाळी बघा. हजार लिटरच्या गोल टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे साधारण 9 लिटर पाणी कुठेतरी गेलं. मग एकेका फांदीचा (टाकीतून घरात उतरणाऱ्या वेगवेगळ्या पाइपांपैकी एकाचा) व्हॉल्व्ह बंद करून तीच चाचणी पुन्हा करा. ज्या रात्री पातळी उतरत नाही त्या रात्री बंद असलेली फांदी दोषी. एक खबरदारी: फ्लश टाकीचा वॉशर गळत असला तरी पातळी उतरते. कमोडच्या टाकीत नीळ टाकून ठेवा, भांड्यात निळं पाणी उतरलं तर वॉशर बदलून मग चाचणी घ्या.

न्हाणीघरासाठी नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या जाळीखालच्या, सांडपाणी जाण्याच्या भांड्याचं) तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी भरा (उंबऱ्याच्या वर नको), त्यात नीळ घाला आणि 24 तास ठेवा. खालच्या छताला किंवा पलीकडच्या भिंतीला ओल वाढली तर फरशीच्या सांध्यांतून पाणी जातंय. वाढली नाही तर बोळा काढून पाणी एकदम सोडा. आता ओल आली तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा त्याखालच्या पाइपात आहे, आणि तो वरून ग्राउट (फरशीच्या सांध्यांत भरायचा मसाला) भरून कधीच बंद होत नाही. निळीऐवजी रंगपंचमीचा उरलेला रंग वापरायचा मोह टाळा. तो फरशीच्या सांध्यांत कायमचा बसतो.

गच्चीवरही पाणी कोंडून बघता येतं: पन्हळीची तोंडं बंद करून दोन इंच पाणी, 48 तास. पण दोन इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला 50 किलो होतं. जुन्या, सळई उघडी पडलेल्या स्लॅबवर किंवा धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरावर ही चाचणी करू नका. तिथे पाइपने एकेका भागावर अर्धा-पाऊण तास पाणी सोडून खालून बघावं.

याशिवाय काही नेहमीची ठिकाणं. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप भिंतीकडे तोंड करून असणं. एसीच्या पाण्याची नळी खिडकीच्या चौकटीत टेकलेली असणं. सोलरच्या गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक) पाइप जोडलेला असणं: उन्हाळ्यात सोलरचं पाणी 70 अंशांच्याही वर जातं, हा पाइप मऊ पडतो आणि सांधे सुटतात. तिथे गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसीच हवा. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात गंज प्रथम लागतो तो आटे पाडलेल्या भागात, एल्बोपाशी, कारण तिथे पत्रा पातळ झालेला असतो आणि जस्ताचा थर निघालेला असतो. अशी लाइन एका जागी फुटली की एक एल्बो बदलून भागत नाही. दुसरा त्याच वयाचा असतो.

कोल्हापुरात पाऊस पश्चिमेकडून मारतो. पश्चिमेच्या भिंतीवर कॉलम आणि विटा जिथे मिळतात तिथे उभी, केसासारखी भेग पडते, कारण काँक्रीट आणि वीट सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी उलटं आत सरकून खिडकीच्या डोक्यावर उतरतं. ही खाच ग्राइंडरने एका दुपारात मारून होते, आणि खिडकीभोवती सिलिकॉन भरत बसण्यापेक्षा जास्त उपयोगाची असते.

शेवटचा प्रश्न: पाणी भिंतीतून येतंय की खोलीतली वाफ भिंतीवर जमतेय? दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 24 तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या अंगाला जमले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या अंगाला जमले तर ती खोलीतली दमट हवा. हे प्लास्टिक जपून ठेवा, पुढे रंगाचा मुहूर्त तेच ठरवणार आहे.

बुरशी पुसणं

डाग स्विच बोर्डाजवळ असेल तर आधी त्या सर्किटचा एमसीबी खाली, आणि इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडून बघेपर्यंत तो खालीच. दमेकरी माणूस, तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण किंवा वयस्कर आजी-आजोबा घरात असतील तर काम होईपर्यंत त्यांना दुसऱ्या खोलीत नव्हे, शक्यतो दुसऱ्या घरी पाठवा. बुरशीचा भाग तीन फूट बाय तीन फुटांपर्यंत असेल तर घरच्या घरी जमतं. पूर्ण भिंत, फॉल्स सीलिंगची आतली बाजू किंवा सांडपाण्याने भिजलेली भिंत असेल तर सरावाची माणसं लावा.

अंगावर जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, गॉगल आणि एन-95 मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल बीजाणू अडवत नाही. खोलीचं आतलं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. पंखा बंद ठेवण्यावर जोर देण्याचं कारण असं की कोरड्या बुरशीवर वारा लागला की ती घरभर पसरते. कोरडा झाडू, कोरडा ब्रश, कोरडा पॉलिश पेपर हेही त्याच कारणाने नकोत. आधी स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारून डाग ओला करा.

रंगवलेल्या गिलाव्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर कपडे धुण्याची पावडर पुरते. ब्रशने घासा, फडक्याने पुसा, फडकं वेगळ्या बादलीत पिळा, आणि पाणी काळं झालं की बदला. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम टाकणखार विरघळवून त्या भागावर आणि कडेने फूटभर पुढपर्यंत लावा, पुसू नका, तसाच वाळू द्या. टाकणखार काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. कॅरमवर टाकायची बोरिक पावडर ही वेगळी वस्तू आहे. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर टाकणखार लावू नये.

ब्लीच फरशी, काच, स्टील, प्लास्टिक अशा पाणी न पिणाऱ्या पृष्ठभागांसाठी. प्रमाण एक लिटर पाण्याला 60 मिली द्रव ब्लीच. दहा मिनिटं ठेवून धुऊन काढा. गिलावा किंवा लाकडावर त्याचा रंग उडवण्यापलीकडे फारसा उपयोग नाही: क्लोरीन वरच्या थरात संपतो, पाणी आत मुरतं आणि आतल्या तंतूंना उलट ओल मिळते. डाग नाहीसा झाल्याचं समाधान मात्र मिळतं, आणि म्हणूनच हा उपाय इतका लोकप्रिय आहे. ब्लीचिंग पावडरची पेस्ट भिंतीवर थापणं तर त्याहून वाईट. तिच्यातलं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल खेचतं आणि भिंत वर्षभर चिकट राहते.

ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर चुकूनही मिसळू नका. बंद न्हाणीघरात त्यातून निघणारा वायू माणसाला आडवा करतो.

पुसून झाल्यावर फडकी पिशवीत बांधून टाका. पंखा आता लावायचा.

गिलावा काढायचा की ठेवायचा

बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटेपासून सुटलाय, तो काढायचाच. ओल दिसते तिच्या कडेपासून एक फूट पुढपर्यंत छिन्नी-हातोड्याने विटेपर्यंत काढा, विटांमधल्या दर्जा (सांधे) पंधरा-वीस मिलिमीटर खोल खरवडा आणि तारेच्या ब्रशने क्षार झाडून घ्या. क्षार धुऊ नका. पाण्याबरोबर ते परत आत जातात. उघडी केलेली भिंत कुरूप दिसते म्हणून घाई होते, पण वाळायला तिच्याइतकी चांगली अवस्था दुसरी नाही.

किती वाळवायचं? ढोबळ हिशेब असा की भिंतीच्या एका इंच जाडीला एक महिना. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी उघडी असेल तर चार-पाच महिने, आणि पलीकडे टाइल किंवा ऑइलपेंट असेल तर त्याहून जास्त. ऑगस्टमध्ये गळती बंद केली तर रंग जानेवारी-फेब्रुवारीत. ‘दिवाळीला घर रंगलेलं हवं’ हा हट्ट इथे आड येतो. अगदीच राहवत नसेल तर दिवाळीपुरता त्या भिंतीवर चुन्याचा हात द्या. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते आणि ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कलीमुळे बुरशी काही काळ बसत नाही. पीव्हीसी पॅनेल, वॉलपेपर किंवा कपाट लावून ओली भिंत झाकणं म्हणजे बुरशीला अंधार आणि निवांतपणा देणं.

नवा गिलावा आतून एक भाग सिमेंट, पाच ते सहा भाग वाळू. बाहेरून एकास चार. 50 किलोच्या पोत्याला साधारण 200 मिली वॉटरप्रूफिंग द्रव पुरतो, आणि जास्त घातल्याने जास्त वॉटरप्रूफ होत नाही, ताकद घटते. डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) वापरत असाल तर धुतलेली घ्या, कारण तिच्यातली भुकटी जास्त असली की गिलाव्याला बारीक भेगा जातात. सात दिवस पाणी मारा, मग किमान 28 दिवस काही न लावता सोडा. हे सात दिवसांचं पाणीही भिंतीत जातं, ते हिशेबात धरायचं. पाइप बदलला असेल तर तो भिंतीत बुजवण्याआधी टेस्ट पंपाने दाब देऊन तासभर काटा स्थिर राहतो का ते स्वतः उभं राहून बघा.

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांतल्या जुन्या घरांना मात्र हे सिमेंटचं गणित लावू नका. भेंड्याच्या (कच्च्या, न भाजलेल्या मातीच्या विटांच्या) किंवा दगड-मातीच्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. त्या त्याच सवयीवर टिकलेल्या असतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, भेंडा मऊ होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचा अख्खा पापुद्रा मातीसकट खाली येतो. तिथे चुन्याचा किंवा मातीचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी झालेत, पण शोधून तेच लावावेत. जिन्यात किंवा स्वयंपाकघरात कमरेइतक्या उंचीपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा मारण्याची पद्धतही अशा घरात सोडून द्या. त्या पट्ट्याच्या वर ओल चढलेली दिसते ती त्यामुळेच.

महापुरात घर बुडालं असेल तर प्रकरण निराळं. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेलं होतं, आणि पूररेषेच्या खालच्या घरांत शिरलेल्या पाण्यात सांडपाणीही होतं. अशा भिंतीत ओल पुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर फूट-दोन फूट चढते, तेव्हा गिलावा तिथपर्यंत काढावा लागतो, आणि भिजलेलं प्लायवूड, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबलेले तक्ते), गाद्या ठेवायच्या नाहीत.

सामानाचं काय

कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. एमडीएफचं कपाट फुगलं असेल तर टाका; सागवानी असेल तर पुसून, वाळवून पॉलिश करता येतं. बुरशी धरलेली कापसाची गादी पिंजून घेऊ नका, पिंजताना सगळे बीजाणू हवेत उडतात.

कोल्हापुरी चपलांना बुरशी लवकर लागते, कारण त्यांचं कातडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेलं असतं आणि ते ओल पटकन शोषतं. घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग किंचित ओल्या फडक्याने, आणि सावलीत वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात कातडं तडकतं. पूर्ण वाळल्यावरच तेलाचा हलका हात.

ओल्या भिंतीला लागून ठेवलेले शेंगदाणे, मिरची किंवा कांदा-लसूण चटणीच्या बरणीत बुरशी दिसली तर वरचा भाग काढून बाकीचं वापरू नका. शेंगदाण्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही.

अपार्टमेंट असेल तर

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-न्हाणीघर-सिंकच्या गळतीची ज्याच्या फ्लॅटमधून गळते त्या सभासदाने. त्यामुळे वरच्या शेजाऱ्यांशी बोलायला जाण्याआधी निळीची चाचणी त्यांच्याच न्हाणीघरात, त्यांच्यासमोर करा. निळा डाग छतावर उतरला की वाद निम्मा संपतो. फोटो तारखेसह ठेवा आणि अर्ज लेखी द्या.

रंग, आणि त्यानंतरचा पावसाळा

प्लास्टिकची चाचणी दोन जागी, आठवड्याच्या अंतराने दोनदा करा. दोन्ही वेळा आतलं अंग कोरडं निघालं तरच पुट्टी. पुट्टीचे दोन हात मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. बुरशीरोधक रंग घ्यायला हरकत नाही, फक्त तो कोरड्या भिंतीवरच काम करतो. कपाट परत लावताना भिंतीपासून तीन-चार इंच सोडा. बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर शक्यतो जागाच बदला.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळतं. खोलीत 60 टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. झड लागलेली असताना खिडक्या उघडून ‘हवा खेळती ठेवणं’ उलटं पडतं, बाहेरची हवा आतल्याहून दमट असते. उघडीप मिळाली, ऊन पडलं की दोन-तीन तास सगळं उघडा. धुणं खोलीत वाळत घालू नका. एका मशिनभर पिळलेल्या कपड्यांतून दोन लिटरच्या आसपास पाणी त्या हवेत जातं.

दुरुस्ती टिकली का हे जूनपर्यंत थांबून बघायची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यात वळीव पडतो तेव्हा पाऊस थांबल्या थांबल्या आणि पुन्हा दोन दिवसांनी छत, पश्चिमेची भिंत, खिडक्यांची डोकी हाताने चाचपून बघा आणि गच्चीवर कुठे पाणी साचलंय ते खडूने आखून ठेवा. वळवानंतर पुन्हा ऊन तापतं, त्यामुळे कठड्याचा वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) नव्याने करायला, भेग इंग्रजी व्ही आकारात दहा मिलिमीटर खोल कापून भरायला आणि पन्हळ साफ करायला मृगाआधी दोन-तीन कोरडे आठवडे सहसा मिळतात. गवंड्याला मात्र आधीच सांगून ठेवा. त्या दिवसांत सगळ्या गावाला तोच हवा असतो.